गॉडबोल्ट उघडून बघा, मग बाउंड्स चेक काढायचे का ते ठरवा

ज्या कुणाला वाटतं की ॲरेचे बाउंड्स चेक (मागितलेली जागा ॲरेच्या हद्दीत आहे ना ही तपासणी) म्हणजे स्पीडला बसलेला फुकटचा भुर्दंड, त्याने आधी कंपायलर एक्सप्लोरर ही साइट उघडावी, आपला कोड डावीकडे पेस्ट करावा आणि उजवीकडे प्रोसेसर काय चालवणार आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, मग काय वाद घालायचा तो घालावा. हा रिव्ह्यू त्या साइटचा आहे. पण मी ती जवळजवळ एकाच कामाला वापरते, सेफ्टी चेकचा खर्च कंपायलर (आपला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) कुठे वाचवतो आणि कुठे हात टेकतो ते बघायला, त्यामुळे बाकीच्या फीचर्सबद्दल इथे फार काही सापडणार नाही, ते आधीच सांगून ठेवते.

ओळख पटकन करून देते. नाव कंपायलर एक्सप्लोरर, पण सगळे गॉडबोल्टच म्हणतात, कारण मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ साली शिकागोमध्ये ट्रेडिंग फर्ममध्ये काम करत असताना ती सुरू केली. ब्राउझरमध्ये चालते, लॉगिन नाही, पैसे नाहीत, देणग्या आणि स्पॉन्सर यांच्यावर चालते, स्वतःचा सोर्सही ओपन आहे. सी, सी प्लस प्लस, रस्ट, गो, स्विफ्ट, झिग अशा भरपूर भाषा आहेत आणि एकेका कंपायलरची जुनी-नवी ढीगभर व्हर्जन्स. कोडच्या ज्या ओळीला जो रंग, त्याच रंगात तिची असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांचं वाचता येणारं रूप, दिसते, त्यामुळे असेंब्ली फारशी येत नसली तरी कुठली ओळ कुठे गेली ते कळतं.

मी बीकेसीत एका छोट्या फर्ममध्ये आहे, शेअर बाजाराचा डेटा फीड वाचणारा कोड आमच्या टीमकडे आहे. पॅकेट आलं की त्यातून किंमत, क्वांटिटी, टाइमस्टॅम्प काढायचे आणि पुढे ढकलायचे, बस एवढंच, पण ते इतक्या वेळा होतं की एकेका इन्स्ट्रक्शनवरून आमच्याकडे मीटिंगमध्ये आवाज चढतात. कोड रस्टमध्ये आहे. रस्टमध्ये स्लाइसमध्ये (ॲरेच्या सलग तुकड्यात) इंडेक्स, म्हणजे कितवा घटक हवा तो आकडा, घातला की तो लांबीच्या आत आहे ना हे तपासलं जातं, रिलीज म्हणजे प्रत्यक्ष वापरायच्या बिल्डमध्येसुद्धा, आणि नसेल तर प्रोग्राम तिथेच पॅनिक करतो, म्हणजे एरर देऊन थांबतो, लांबी इतकी होती आणि तू मागितलास इतकावा असं स्पष्ट सांगून. आमचा एक सीनियर म्हणाला, "अगं, काढून टाक ना ते सगळे चेक, गेट अनचेक्ड घाल, एका पॅकेटमागे किती वेळा तेच तेच तपासतोय आपण." मी म्हटलं, "घालते, पण आधी बघू तरी दे किती उरलेत ते." गेट अनचेक्ड म्हणजे अनसेफ ब्लॉकमध्ये जाऊन कंपायलरला सांगणं की इंडेक्स बरोबर आहे, माझी गॅरंटी, तू बघू नकोस. ती गॅरंटी एकदा चुकली की मग पॅनिकसुद्धा नाही, शेजारच्या मेमरीतलं काहीही वाचलं जाणार आणि ते किंमत म्हणून पुढे जाणार. म्हणून माझा हट्ट होता की आधी बघायचं.

पहिल्यांदा साइट उघडली की बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ होतो, तेव्हा हे वाचाच. रस्ट निवडल्यावर बाय डिफॉल्ट ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड वेगवान करणं) बंद असतं. चार ओळींच्या फंक्शनची पानभर असेंब्ली दिसते आणि माणूस म्हणतो बघा, म्हणूनच रस्ट स्लो. फ्लॅगच्या खोक्यात ऑप्ट-लेव्हल ३ टाका, मगच बोला. दुसरं, छोटं फंक्शन लिहिलं आणि उजवीकडे काहीच आलं नाही तर घाबरू नका, नवीन रस्ट छोटी पब्लिक फंक्शन्स इनलाइन करता यावीत (कॉलच्या जागीच त्यांचा कोड घालता यावा) म्हणून त्यांचा कोड लगेच बनवत नाही, वर नो मँगल किंवा इनलाइन नेव्हर लावलं की येतं. आणि मग उजव्या खिडकीत 'पॅनिक बाउंड्स चेक' असं सर्च करायचं. इंडेक्सचा उरलेला प्रत्येक चेक शेवटी त्याच फंक्शनला कॉल करतो, त्यामुळे जितके कॉल सापडतील तितका माल अजून शिल्लक आहे असं समजा, शून्य सापडले तर विषयच संपला.

आता एक चेक म्हणजे प्रत्यक्षात काय हे एकदा बघून घेतलं की निम्मी भीती जाते. एक कंपेअर, एक जंप. इंडेक्स आणि लांबी यांची तुलना, आणि इंडेक्स मोठा किंवा बरोबरीचा असेल तर उडी. आजचे इंटेल-एएमडी प्रोसेसर ही जोडगोळी आतल्या आत एकच ऑपरेशन करून टाकतात. उडी जवळजवळ कधीच घेतली जात नाही, म्हणून ब्रँच प्रेडिक्टर (उडी होणार की नाही याचा आधीच अंदाज बांधणारा प्रोसेसरचा भाग) ती बरोबर ओळखतो. आणि पॅनिकचा कोड कुठे असतो बघा, फंक्शनच्या पार तळाशी, मुख्य वाटेच्या बाहेर, कारण रस्टच्या लायब्ररीत ती पॅनिक फंक्शन्स कोल्ड म्हणून मार्क केलेली आहेत, म्हणजे इथे क्वचितच येणार आहोत, ही वाट बाजूला ठेव असं कंपायलरला सांगितलेलं असतं. त्यामुळे सरळ चालणाऱ्या कोडमधला एकटा-दुकटा चेक तुम्हाला मोजून दाखवतासुद्धा येणार नाही बहुतेक वेळा. हे सगळं वाचून माहीत होतं मला, पण रंगीत ओळींमध्ये बघितल्यावर जे पटतं ते वाचून पटत नाही.

आणि बऱ्याच ठिकाणी चेक नसतोच मुळी. लूप शून्यापासून त्याच स्लाइसच्या लांबीपर्यंत चालवला तर इंडेक्स लांबीपेक्षा लहान आहे हे लूपच्या अटीतच आलं, कंपायलर दुसऱ्यांदा विचारत नाही. त्याहून मला आवडलेलं उदाहरण म्हणजे २५६ खण असलेला फिक्स्ड साइझ ॲरे आणि इंडेक्स एका बाइटचा. बाइट २५५ च्या वर जाऊच शकत नाही, टाइपनेच सिद्ध झालं, चेक गायब. तोच ॲरे व्हेक्टर करा, चेक परत आला, कारण व्हेक्टरची लांबी रनटाइमला ठरते आणि कंपायलरला कुणी शब्द दिलेला नाही की ती २५६ च आहे. आमचा रिंग बफर (शेवट आला की परत सुरुवातीपासून भरायचा) १०२४ चा फिक्स्ड ॲरे आहे आणि इंडेक्सवर १०२३ चा मास्क लावलेला असतो, म्हणजे तो १०२३ च्या वर जाऊच शकत नाही, तिथेही एक चेक नाही. सीनियरला ज्या ठिकाणी अनसेफ घालायचं होतं त्यातल्या बऱ्याच जागा अशाच निघाल्या, म्हणजे काढायला काही नव्हतंच.

मग खर्च कुठे आहे? तो चेक स्वतः जेवढा खातो त्यात नाही, तो चेक दुसऱ्या कुठल्या ऑप्टिमायझेशनच्या वाटेत उभा राहतो त्यात आहे, आणि हे मला गॉडबोल्टमुळे नीट समजलं. साधं उदाहरण घ्या, कुणीही करून बघू शकेल. तीन स्लाइस, पहिल्या दोन फ्लोटच्या (दशांश आकड्यांच्या), तिसरीत बेरीज लिहायची, आणि एन नावाचा वेगळा पॅरामीटर, लूप शून्य ते एन. उजवीकडे बघितलं तर लूपच्या आत चेकच्या तीन तुलना, तीन उड्या आणि एका फेरीत एकच फ्लोट. आता लूपच्या आधी तीन ओळी टाका, तिन्ही स्लाइस एनपर्यंत कापून घ्या, म्हणजे पहिल्या एन खणांचीच नवी स्लाइस घ्यायची आणि नाव तेच ठेवायचं. लूपला हातसुद्धा लावू नका. उजवीकडचं चित्र बदलतं, तीन तपासण्या लूपच्या बाहेर वर गेल्या, लूपमध्ये एकही पॅनिक नाही, आणि एका इन्स्ट्रक्शनमध्ये चार फ्लोटची बेरीज व्हायला लागली. टार्गेट सीपीयू एक्स ८६-६४ व्ही ३ (जास्त रुंद इन्स्ट्रक्शन असलेले नवे प्रोसेसर) दिला की चारचे आठ होतात. तपासणी काढलेली नाही हे लक्षात घ्या, सेफ्टी तेवढीच आहे.

तर प्रश्न असा येतो की मग कंपायलर स्वतः का नाही हे करत, एवढा हुशार आहे तर. कारण तसं केलं तर प्रोग्रामचा अर्थ बदलतो. समजा एन १०० आहे आणि एक स्लाइस ६० चीच आहे. मूळ कोडप्रमाणे पहिल्या ६० बेरजा लिहून व्हायला हव्यात आणि मग पॅनिक यायला हवा. तो पॅनिक वर कुणीतरी पकडू शकतं आणि त्या ६० लिहिलेल्या बेरजा बघू शकतं, म्हणून कंपायलरला ६० नंतरच थांबावं लागतं, चेक वर ओढून पहिल्याच पायरीला थांबायची परवानगी त्याला नाही. आपण स्लाइस आधी कापली म्हणजे आपण ती परवानगी दिली, की बाबा पडायचंच असेल तर सुरुवातीलाच पड, अर्धवट काम मला नकोय. मेट्रोच्या गेटवर एकदा तिकीट स्कॅन केलं की आत डब्यात परत कुणी विचारत नाही, तसं आहे हे, पण गेट बसवायचं की डब्यात टीसी फिरवायचा हे ठरवणारे आपण, कंपायलर नाही. ही एवढी गोष्ट आमच्या टीममध्ये समजली आणि अनसेफचा विषय अर्ध्याहून जास्त थंड झाला.

जावाची गंमत अशी की तिथे कंपायलर हेच काम न विचारता करू शकतो. हॉटस्पॉट या जावा चालवणाऱ्या इंजिनाचा सी २ कंपायलर हा जेआयटी आहे, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच कंपाइल करतो, तो लूपच्या आधी एकच तपासणी ठेवतो, आणि ती फेल झाली तर पॅनिक वगैरे करत नाही, ऑप्टिमाइझ केलेला कोड सोडून परत इंटरप्रिटरमध्ये (कोड कंपाइल न करता एकेक पायरी चालवणाऱ्या भागात) जातो आणि तिथे एकेक फेरी नियमाप्रमाणे चालवतो, एक्सेप्शन यायचं ते बरोबर त्याच फेरीला येतं. शिवाय तो लूपचे तीन तुकडे पण करतो, सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा, मधल्या मोठ्या तुकड्यात चेक नाहीत. रस्ट आणि सी प्लस प्लसला असं मागे वळायला इंटरप्रिटर नाही, जे काय आहे ते आधीच कंपाइल झालेलं. आणि इथेच गॉडबोल्टची माझ्या मते सगळ्यात मोठी कमतरता येते. जावा निवडलं तर ते बाइटकोड, म्हणजे असेंब्लीच्या आधीचा मधला टप्पा, दाखवतं. बाइटकोडमध्ये ॲरे वाचायची एक इन्स्ट्रक्शन असते, चेक तिच्या पोटात, पुढे जेआयटीने तो ठेवला की उडवला ते काही दिसत नाही. जावावाल्यांनी या कामासाठी इथे यायची गरज नाही, जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या इंजिनाला) जनरेट झालेली असेंब्ली छापायला सांगायचा वेगळा मार्ग आहे, तो घ्या.

आता आमचं खरं काम, पॅकेट. आठ बाइटचा बिग एंडियन (सगळ्यात मोठ्या किमतीचा बाइट आधी असलेला) नंबर काढायचा. जुन्या कोडमध्ये बी चा शून्यावा, पहिला, दुसरा असं सातव्यापर्यंत वाचून, शिफ्ट करून, ऑर करून जोडलेलं होतं. डावीकडे एक लांबलचक ओळ आणि उजवीकडे लांबीच्या तपासणीचाच पसारा, कारण पॅकेट तीन बाइटचं आलं तर तिसऱ्या इंडेक्सचा मेसेज यायला हवा आणि पाच बाइटचं आलं तर पाचव्याचा, प्रत्येक चेकचा निकाल वेगळा, म्हणून ते गुमान एकात एक मिसळता येत नाहीत. वर एकच ओळ टाकली, पहिल्या आठ बाइटची स्लाइस कापून घेतली. पसारा गेला. राहिली एक तुलना, एक उडी, एक मूव्ह आणि एक बी-स्वॅप, म्हणजे आठही बाइट एकाच वेळी उचलले आणि उलटे केले. कंपायलरला ते आठ शिफ्ट म्हणजे बिग एंडियन नंबर आहे हे समजत होतं, फक्त मध्ये मध्ये पॅनिकच्या वाटा असल्यामुळे त्याचे हात बांधलेले होते. गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत बायनरी एन्कोडिंगच्या कोडमध्ये हेच दिसेल, सुरुवातीलाच सातवा बाइट वाचून टाकून देतात, बाजूला कमेंट असते की हा कंपायलरसाठी इशारा आहे. आम्ही शेवटी फर्स्ट चंक वापरलं, त्याने आठ बाइट मिळाले तर फिक्स्ड ॲरे मिळतो, नाही मिळाले तर नन (काहीच नाही), म्हणजे छोटं पॅकेट आलं तर पॅनिकही नाही, सरळ टाकून द्यायचं आणि काउंटर वाढवायचा. फीडमध्ये तेच हवं असतं, बाजार चालू असताना प्रोसेस पडून चालत नाही. सगळ्या हॉट पाथवर, म्हणजे सतत चालणाऱ्या कोडवर, असंच फिरलो, अनसेफ एकही ओळ घातली नाही, आणि सीनियरने स्वतः बेंचमार्क चालवून बघितला, गेट अनचेक्डवाल्या ब्रँचमध्ये आणि यात फरक मोजता येईना. "ठीक आहे, राहू दे चेक," म्हणाला. माझ्यासाठी ही साइट तिथेच वसूल.

एक फीचर ज्याच्याबद्दल लोकांना माहीत नसतं ते म्हणजे ऑप्ट पाइपलाइन. ॲड न्यू मेनूतून उघडायचं. एलएलव्हीएमच्या (रस्ट कंपायलरच्या आतली कोड बनवणारी यंत्रणा) ज्या ज्या पासमधून, म्हणजे टप्प्यातून, तुमचं फंक्शन जातं त्यांची यादी डावीकडे येते, जिथे बदल झाला ते पास हायलाइट, क्लिक केलं की आधीचं-नंतरचं शेजारी शेजारी. चेक कुणी उडवला ते इथे रंगेहाथ सापडतं. कधी इंडव्हार सिम्प्लिफाय, जो लूपच्या काउंटरची रेंज काढून बघतो, कधी कॉरिलेटेड व्हॅल्यू प्रॉपगेशन, ज्याला कळतं की या ब्लॉकमध्ये आलोय म्हणजे आधीची अट खरी ठरलेली आहे, आणि कधी कन्स्ट्रेंट एलिमिनेशन, जो वाटेत भेटलेल्या सगळ्या लहान-मोठ्याच्या अटी गोळा करून त्यांच्यावरून नवीन अट आपोआप सिद्ध होते का ते तपासतो, आय जेपेक्षा लहान आणि जे लांबीपेक्षा लहान तर आय लांबीपेक्षा लहान, असं. ही कल्पना नवी नाही, २००० साली पीएलडीआय या प्रोग्रामिंग भाषांवरच्या कॉन्फरन्समध्ये बोडिक, गुप्ता आणि सरकार यांचा एबीसीडी नावाचा अल्गोरिदम आला होता, त्यात अशाच असमानतांचा ग्राफ करून प्रत्येक चेकपुरती तपासणी केली जायची, आणि लूपमधले रेंज चेक कमी करण्यावर आयबीएममधल्या लोकांचा पेपर तर १९८२ चा. इंजिनियरिंगला कंपायलर हा विषय असताना हे असं समोर दिसत असतं तर किती बरं झालं असतं, आमच्या वेळी पार्सिंगच्या टेबलांमध्येच सेमिस्टर संपलं. कुणी शिकवत असेल तर प्लीज हे पाइपलाइन पान वर्गात प्रोजेक्टरवर लावा.

इंटिजर ओव्हरफ्लोचा (पूर्णांक त्याच्या टाइपच्या मर्यादेबाहेर जाण्याचा) चेक पण इथेच खेळून बघा. रस्टमध्ये तो डिबगमध्ये (चाचणीच्या बिल्डमध्ये) चालू, रिलीजमध्ये बाय डिफॉल्ट बंद, ओव्हरफ्लो चेक्सचा फ्लॅग देऊन चालू करता येतो. चालू केला की ॲड नंतर एक जंप ऑन ओव्हरफ्लो येते, बेरीज करताना प्रोसेसर ओव्हरफ्लोची खूण तसाही लावतोच, त्यामुळे वेगळी तुलना लागत नाही. सुट्या बेरजेत हा स्वस्त सौदा आहे. पण मोठ्या लूपमध्ये बेरीज करत असाल तर परत तीच कथा, नेमक्या कुठल्या फेरीला ओव्हरफ्लो झाला ते कळलं पाहिजे म्हणून चार-चार एकदम करता येत नाही. स्विफ्ट ऑप्टिमाइझ्ड बिल्डमध्येही हा चेक चालूच ठेवतं. पैशांचा हिशेब जिथे होतो तिथे मी तो रिलीजमध्ये चालू ठेवायच्या मताची आहे.

सी प्लस प्लसवाल्यांसाठी वेगळं सांगते कारण मुंबईत अजून बहुतेक ट्रेडिंगचा कोड त्यातच आहे. तिथे व्हेक्टरचा चौकटी कंस काही तपासत नाही, ॲट तपासतं, आणि ॲट कुणी वापरत नाही. पण क्लँग कंपायलरच्या लिबसी प्लस प्लस या स्टँडर्ड लायब्ररीत हार्डनिंग (जादा तपासणीचा) मोड आहे, फास्ट मोड लावला की चौकटी कंसही तपासायला लागतो, आणि फेल झाला तर मेसेज-बिसेज नाही, सरळ ट्रॅप इन्स्ट्रक्शन, प्रोग्राम तिथेच बंद. गॉडबोल्टमध्ये फ्लॅग लावून आणि काढून दोन खिडक्या शेजारी ठेवा आणि डिफ बघा, फरक किती छोटा आहे ते दिसेल. गूगलने आपल्या सर्व्हर कोडवर हे लावलं आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आकडे दिले, सरासरी परफॉर्मन्सवर ०.३० टक्के परिणाम, हजाराहून जास्त बग सापडले, आणि प्रॉडक्शनमधले सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने होणारे क्रॅश) साधारण ३० टक्क्यांनी कमी. कंपायलर आणि प्रोफाइलवर चालणारं ऑप्टिमायझेशन या दोघांनी मिळून तो खर्च इतका खाली आणला. म्हणजे जो प्रश्न आपण परफॉर्मन्सचा म्हणून लढत बसतो तो बहुतेक ठिकाणी सुटलेला आहे.

काही ठिकाणी तर इन्स्ट्रक्शनसुद्धा लागत नाही. वेबअसेम्ब्लीची (ब्राउझरमध्ये कंपाइल केलेला कोड चालवायची पद्धत) इंजिनं ३२ बिट मेमरीसाठी चार जीबीच्या वर ॲड्रेसची जागा राखून ठेवतात, खरी मेमरी नाही, फक्त ॲड्रेस, आणि वापरात नसलेला भाग बंद ठेवतात, बाहेर हात गेला तर प्रोसेसरचं मेमरी युनिटच फॉल्ट देतं. जावाचा नल चेक (ऑब्जेक्ट खरंच आहे ना ही तपासणी) पण बऱ्याचदा असाच होतो. हे गॉडबोल्टमध्ये दिसणार नाही कारण दाखवायला काही उरलेलंच नसतं, पण माहीत असावं.

आणि हे सगळं मी इतकं तावातावाने का लिहितेय, तर चेक नसण्याची किंमत आपण सगळ्यांनी बघितलीये. २०१४ चा हार्टब्लीड, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतला बग, लांबी न तपासल्यामुळे एका वेळी ६४ केबीपर्यंत सर्व्हरची मेमरी बाहेर. १९ जुलै २०२४, क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचा अपडेट, कोडला अपेक्षा २० इनपुटची आणि वाचायला गेला एकविसावा, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन आडवी, आपल्या मुंबई विमानतळावर मॅन्युअल चेक-इन. त्यांच्याच रिपोर्टमध्ये आहे की तिथे रनटाइमला ॲरेची हद्द तपासली जात नव्हती. एक कंपेअर आणि एक जंप. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलं होतं की त्यांच्या अल्गोल कंपायलरमध्ये प्रत्येक इंडेक्स तपासला जायचा, आणि पुढे गिऱ्हाइकांना विचारलं की प्रॉडक्शनमध्ये स्पीडसाठी बंद करायचा पर्याय देऊ का, तर सगळे नको म्हणाले. त्या काळची मशीन किती हळू असतील विचार करा, आणि तेव्हा खर्च कमी करणारा कंपायलरही नव्हता फारसा.

साइटच्या बाकी तक्रारी सांगते. तुमचा कोड त्यांच्या सर्व्हरवर जातो, आणि शॉर्ट लिंक बनवली की तो तिथे साठवला जातो, तेव्हा ऑफिसचा कोड जसाच्या तसा पेस्ट करू नका, नोकरीचा प्रश्न आहे. आम्ही नावं बदलून, लॉजिक काढून फक्त लूपचा सांगाडा टाकायचो, आणि आता ऑफिसच्या आतल्या मशीनवर स्वतःची कॉपी चालवतो, सोर्स ओपन असल्यामुळे हे जमतं, नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) लागतं आणि आपले कंपायलर जोडून द्यावे लागतात, थोडी खटपट आहे पण होतं. टार्गेट सीपीयू नेटिव्ह दिला तर तो त्यांच्या सर्व्हरचा सीपीयू धरला जातो, तुमचा नाही, म्हणून नाव घालूनच द्या. फोनवर उघडते, पण लोकलमध्ये उभं राहून दोन खिडक्या शेजारी बघायचा नाद सोडा, स्क्रीन पुरत नाही.

आणि महत्त्वाचं, हे बेंचमार्क नाही. असेंब्ली छोटी म्हणजे फास्ट असं नसतं, व्हेक्टराइझ झालेला (एका इन्स्ट्रक्शनमध्ये अनेक आकडे हाताळणारा) लूप उलट लांबच दिसतो, वेळ मोजायचा तर आपल्या मशीनवर आपल्या डेटावरच मोजा. अजून एक, आज उडालेला चेक कंपायलरच्या पुढच्या व्हर्जनमध्ये उडेलच अशी गॅरंटी कुणी देत नाही. इथे व्हर्जन बदलून लगेच बघता येतं ही जमेची बाजू, पण दर वेळी माणूस कोण बघत बसणार. रस्टच्या स्वतःच्या रेपॉझिटरीत यासाठी टेस्ट असतात, जनरेट झालेल्या कोडमध्ये पॅनिकचं नाव येता कामा नये असं त्यात लिहिलेलं असतं. आम्ही तीच आयडिया उचलली, हॉट पाथच्या फंक्शन्सची असेंब्ली बिल्डच्या वेळी काढतो आणि त्यात पॅनिक बाउंड्स चेक सापडला तर बिल्ड लाल.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क जावाचा कापला. रस्ट, सी प्लस प्लस, स्विफ्ट, गोवाल्यांनी डोळे झाकून वापरा. सुरुवात करायची असेल तर तो तीन स्लाइसचा लूप टाइप करा, ऑप्ट-लेव्हल ३, आणि कापायच्या तीन ओळी एकेक करून घाला, तिन्ही एकदम नको. पहिल्या दोन ओळींनंतरही लूपमध्ये एकेकच फ्लोट चाललेला दिसेल, तिसरी घातली की मगच चार येतात.